पेपरात आलंय म्हणून खरं, की सगळाच मीडिया विकलेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका घरात वडील, आता रिटायर झालेले, पेपरात छापून आलेलं सगळं खरं मानतात आणि पाडव्याची पानभर जाहिरात बघून फ्लॅट बुक करायला निघालेत. धाकटा भाऊ म्हणतो सगळा मीडिया विकला गेलाय, खरं काय ते आमच्या ग्रुपवर कळतं. आणि मधे अडकलेल्या मुलीला तीन गोष्टी हव्यात, जाहिरातीमुळे बातमी खरंच बदलते का, आपल्या डोक्यावर त्याचा किती परिणाम होतो, आणि विश्वास ठेवायचाच तर कशाच्या जोरावर.

मी आधी पुण्यातल्या एका दैनिकात डेस्कवर होते, नंतर बरीच वर्षं जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग केलं, आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. म्हणजे जागा भरणारी आणि जागा विकत घेणारी, दोन्ही बाजूंना बसून झालंय. माझं मत सुरुवातीलाच सांगते, बाबा आणि भाऊ दोघंही एकच गोष्ट करतायत, एकाने सगळ्यावर एकदम विश्वास टाकलाय आणि दुसऱ्याने सगळ्यावरून एकदम काढून घेतलाय, आणि दोघांनाही समोरची एक बातमी नीट वाचायची गरज उरलेली नाही. विश्वास पेपरवर नसतो ठेवायचा, त्या त्या बातमीवर ठेवायचा. हे बोलायला सोपं आहे, पण करायचं तर आतलं काम कसं चालतं ते माहीत पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेस्कवर पानाची डमी येते, म्हणजे पानाचा आराखडा. त्यावर जाहिराती आधीच बसलेल्या असतात, खाली उजवीकडे एवढी, वर पट्टी एवढी, आणि उरलेली जागा बातम्यांची. ऐनवेळी जाहिरात आली तर बातमी कापायची, जाहिरात कापायची नाही. यात कुणाचं कारस्थान वगैरे काही नाही, हिशोब आहे. तुम्ही पेपरला जे पाच-सात रुपये देता त्यातून विक्रेत्याचं कमिशन वजा केलं की उरतं त्यात कागदाचा, छपाईचा, गाडीचा आणि माणसांच्या पगाराचा खर्च निघत नाही. फरक जाहिरात भरून काढते. मी प्लॅनिंगला असताना पानावरची जागा चौरस सेंटिमीटरच्या दराने घ्यायचे आणि क्लायंटला सांगायचे की या पैशात इतके वाचक मिळतील, या वयाचे, या भागातले. म्हणजे वाचक पेपर विकत घेतो तसं पेपर वाचकाचं लक्ष विकतो, दोन्ही व्यवहार एकाच कागदावर चालतात आणि वाचकाला त्यातला एकच दिसतो.

आता लोकांना वाटतं की जाहिरातदार फोन करतो आणि बातमी मारली जाते. होतं तसं कधीकधी, पण माझ्या अनुभवात त्याहून जास्त वेळा कुणाचाच फोन येत नाही. उपसंपादकाला माहीत असतं की हा ग्रुप दर दसऱ्याला पहिल्या पानाचं जॅकेट, म्हणजे पेपरभोवती गुंडाळलेली पानभर जाहिरात, देतो. बातमी येते, कुणी म्हणतं "थांबवू जरा, दुसरी बाजू येऊ दे", दुसरी बाजू यायला तीन दिवस लागतात, तोवर बातमी शिळी होते आणि आत कुठेतरी दोन कॉलममधे जाते किंवा जातच नाही. कुणीही खोटं लिहिलेलं नसतं. म्हणून "पेपरात खोटं छापतात का" हा प्रश्न मला अपुरा वाटतो, काय छापलं नाही आणि छापलं तेव्हा कुठल्या पानावर किती जागेत, हे जास्त महत्त्वाचं आहे.

याची एक खूण तुम्हाला उद्या सकाळीच बघता येईल. गुन्ह्याच्या पानावर मोबाईल चोरणाऱ्या पोराचं संपूर्ण नाव येतं, वय येतं, "रा. हडपसर" किंवा "रा. जनता वसाहत" असं सगळं येतं. आणि त्याच पानावर उपचारात हलगर्जी केल्याची तक्रार असली तर "शहरातील एका नामांकित खासगी रुग्णालयात" एवढंच. फ्लॅटचा ताबा रखडला तर "एका बांधकाम व्यावसायिकाने". गुन्हा दाखल झालाय, पोलीस ठाण्याचं नाव आहे, कलम आहे, तक्रारदाराचं नाव आहे आणि ज्याच्यावर गुन्हा आहे त्याचंच नाव नाही. दरवेळी हे जाहिरातीमुळेच असतं असं नाही, बदनामीच्या दाव्याची भीती खरी असते आणि कोर्टाच्या चकरा वार्ताहरालाच माराव्या लागतात. पण चोराकडे वकील नसतो म्हणून त्याचं नाव येतं, हे काही ठीक नाही, आणि वाचकाने हे बघायला शिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. नाव कुठे गळलंय ते शोधायचं.

दुसरी गोष्ट सरमिसळ. जाहिरात जाहिरातीसारखी दिसते तोवर माणूस सावध असतो. नवीन शोरूमचं पान बघून कुणी ते ब्रह्मवाक्य मानत नाही. गडबड होते ती जाहिरात बातमीचे कपडे घालून येते तेव्हा. अॅडमिशनच्या सीझनला शिक्षण पुरवणी निघते ती आठवा. कॉलेजच्या संचालकांची मुलाखत, क्लासच्या यशाची गाथा, फोटो, चौकट, मथळा, सगळं बातमीसारखं. कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" किंवा "इम्पॅक्ट फीचर" लिहिलेलं, कधी तेही नाही. ओळखायचं कसं, तर टाइप बघा, बातमीच्या टाइपपेक्षा किंचित वेगळा असतो. बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, नसते किंवा नुसतं "वाणिज्य प्रतिनिधी" असतं. सगळी अवतरणं एकाच माणसाची. फीचा आकडा नाही, एकही विद्यार्थी नाराज नाही, आणि शेवटी पत्ता नाहीतर फोन नंबर. ज्या बातमीत कुणालाच काही खटकलेलं नाही ती बातमी कुणीतरी विकत घेतलेली असण्याची शक्यता मोठी.

आणि ही सरमिसळ पकडणं सोपं नाही बरं का, वडिलांना हसू नका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मधे शाळकरी मुलांना एका वेबसाइटचं पान दाखवलं, त्यात एका मजकुरावर प्रायोजित असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी ८० टक्क्यांहून जास्त मुलांना ती खरी बातमीच वाटली. म्हणजे मोबाईलवर वाढलेली मुलंही फसतात.

महाराष्ट्राला याचा सगळ्यात मोठा धडा २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मिळाला. "पॅकेज" हा शब्द तेव्हा उमेदवारांच्या तोंडी सर्रास होता, इतक्या पैशात इतक्या सभांच्या बातम्या, एवढ्यात मुलाखत, जास्त दिले तर विरोधकाची बातमीच नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा असलेल्या पेपरांत एका बड्या नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर जवळपास शब्दशः आला होता. प्रेस कौन्सिलने, म्हणजे वृत्तपत्रांच्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली, त्यांनी नावानिशी ७१ पानांचा अहवाल दिला, आणि २०१० मधे कौन्सिलने प्रसिद्ध केला तो मात्र छोटा, नावं वगळलेला. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ मधे. ज्या विषयावर अहवाल होता तेच अहवालाच्या बाबतीत झालं, हे मला आजही लागतं. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या एका महिला आमदाराला पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातमीचा, खर्च न दाखवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, देशातली तशी पहिली कारवाई. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती असते, संशयित बातमीचा खर्च जाहिरातीच्या दराने उमेदवाराच्या खात्यात धरता येतो. तरी पुरावा मिळणं अवघड, कारण व्यवहार रोखीत.

यात तालुक्याच्या वार्ताहराला सगळे शिव्या देतात, मला त्याची बाजू सांगायचीय. अनेक ठिकाणी त्याला पगार म्हणून मिळतं ते नावापुरतं, आणि खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाला पान आणायचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर. मग सोमवारी ज्याच्याकडे जाहिरात मागायला गेला त्याच्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात सोडल्याची बातमी त्याने गुरुवारी कशी द्यायची? माणूस वाईट नाही, त्याला बसवलंय त्या जागी दुसरं काही होणं कठीण आहे. ही रचना बदलल्याशिवाय नुसतं "पत्रकारांनी प्रामाणिक राहावं" असं म्हणून काही होणार नाही.

टीव्हीचं गणित वेगळं दिसतं पण तेच आहे. टीआरपी, म्हणजे कुठला कार्यक्रम किती लोक बघतात तो आकडा, बार्क नावाची संस्था मोजते, २०२० मधे देशभरातल्या साधारण ४४ हजार घरांत त्यांची यंत्रं होती आणि त्यावरून कोट्यवधी प्रेक्षकांचा अंदाज. त्या वर्षी ऑक्टोबरमधे मुंबई पोलिसांनी रेटिंगमधल्या फेरफाराचं प्रकरण बाहेर काढलं, आणि बार्कने न्यूज चॅनलची रेटिंग बंद ठेवली ती थेट मार्च २०२२ पर्यंत. पण रेटिंग खरं असो की फुगवलेलं, त्याच्या मागे लागलं की वार्ताहर पाठवून बातमी आणण्यापेक्षा चार जणांना खिडकीत बसवून भांडायला लावणं स्वस्त पडतं. चर्चा सगळ्यात महाग दिसते आणि सगळ्यात स्वस्त असते.

आता डोक्यावरचा परिणाम. १९७७ मधे हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या संशोधकांनी लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा दाखवली, काही खरी काही खोटी. जी विधानं पुन्हा पुन्हा आली ती लोकांना जास्त खरी वाटत गेली, खोटी असली तरी. जाहिरातीचा सगळा धंदा यावर उभा आहे. आम्ही क्लायंटला कधीच एकदा जाहिरात करा असं सांगायचो नाही, कमी जागा घ्या पण पुन्हा पुन्हा या असं सांगायचो. ओळखीचं वाटलं की खरं वाटतं, आणि ग्रुपवर एकच फॉरवर्ड मामा, शेजारचे काका आणि शाळेतली मैत्रीण अशा तीन जणांकडून आला की तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, मूळ एकच असतं. दुसरं असं की बातम्या तुम्हाला काय विचार करा ते फारसं सांगू शकत नाहीत, पण कशाबद्दल विचार करा ते नक्की ठरवतात. मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीवर काम करून १९७२ मधे हे मांडलं. आपल्याकडे बघा, एखाद्या आठवड्यात खड्डे पहिल्या पानावर असले की चहाच्या टपरीवरही खड्डेच, आणि पाणीपुरवठ्याचं टेंडर आतल्या पानावर असलं की त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या भावासाठी. डेव्हिसन नावाच्या अभ्यासकाने १९८३ मधे लिहिलं की माणसाला नेहमी वाटतं माध्यमांचा परिणाम इतरांवर होतो, माझ्यावर नाही. "मी जाहिरातीला भुलत नाही" असं म्हणणारे मला दर बॅचमधे भेटतात, त्यांना मी फक्त त्यांच्या पायातला बूट कुठल्या कंपनीचा आणि का घेतला एवढंच विचारते.

भावाचा राग मला कळतो, पण त्याचा निष्कर्ष धोक्याचा आहे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्याच दिवशी अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. ही अट बातमीत आली नसती तर? स्थानिक वार्ताहर पोलीस ठाणं, बाल न्याय मंडळ आणि ससून रुग्णालय असे तिन्हीकडे ठिय्या मारून बसले, लोक चिडले, तीनच दिवसांत जामिनाचा आदेश बदलला, आणि आठवड्याभरात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. हे विकलेल्या मीडियाने केलं का? आणि त्याच आठवड्यात त्या मुलाचा म्हणून एक उर्मट रॅपचा व्हिडिओ घराघरांत फिरला, तो त्याचा नव्हताच, पोलिसांना खुलासा करावा लागला. एकाच शहरात, एकाच घटनेत, खरी बातमीदारी आणि धादांत खोटं दोन्ही शेजारी शेजारी चालू होतं, आणि "सगळे सारखेच" म्हणणाऱ्याला त्यातला फरक करताच येत नाही.

ग्रुपवर खरं कळतं असं म्हणतो ना तो, त्याला राईनपाडा सांगा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय हे फॉरवर्ड कित्येक दिवस फिरत होतं. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, जमावाने ठेचून मारले. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. पेपरात बातमीखाली निदान छापणाऱ्याची जबाबदारी असते, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं, आणि बातमीच्या निवडीला कायद्याने तो संपादक जबाबदार असतो. त्याच्यावर दावा लावता येतो. फॉरवर्डच्या खाली कुणाचं नाव असतं? ज्याने कशावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय तो शेवटी जवळच्या माणसाने पाठवलेल्या कशावरही विश्वास ठेवतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला पेड न्यूजइतकीच याचीही काळजी वाटते.

आता बाबांची जाहिरात, कारण तिथे खरे पैसे अडकणार आहेत. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा या दिवशी पुण्यात पेपर उघडायच्या आधी तीन पानं फ्लॅटच्या जाहिराती असतात. त्यातलं मोठं अक्षर सोडून द्या, लहानाकडून मोठ्याकडे वाचत या. "हिंजवडीपासून १५ मिनिटं" याच्यावर चांदणीची खूण (*) असेल, तळाशी लिहिलेलं असेल अंतर अंदाजे किंवा प्रस्तावित रस्त्याने. प्रस्तावित म्हणजे आज नाही. तलाव आणि झाडी दिसते ते "कलात्मक चित्र". "अमुक लाखांपासून पुढे" यातला "पुढे" बघा, त्या किमतीचे फ्लॅट कुठल्या मजल्यावर आणि किती, आणि त्यात स्टॅम्प ड्युटी, जीएसटी, पार्किंग धरलंय का. मग महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, तो नसेल तर तिथेच थांबा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड टाकणंही सक्तीचं आहे, तो स्कॅन केला की थेट त्या प्रकल्पाचं सरकारी पान उघडतं. तिथे कार्पेट एरिया, मंजूर नकाशे, आधी दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि नंतर वाढवून घेतलेली तारीख दिसते, प्रकल्पावर कोर्टात काही चालू असलं तर तेही. बाबांना सांगा आधी हे पान बघा, मग साइटवर संध्याकाळी सहाला स्वतः गाडी चालवत जा, मिनिटं तिथेच कळतील. आणि करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे रेरा कायद्यात आहे, "आजच्या दिवसाची ऑफर" म्हणून कुणी घाई केली तरी.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कायदा नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीवरही बंदी येऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मधे कोचिंग क्लासेससाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली, यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती पाहिजे आणि त्याने नक्की कुठला कोर्स केला होता तेही सांगायला पाहिजे. एप्रिल २०२४ मधे पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने विचारलं की तुम्ही छापलेली माफी तुमच्या जाहिरातीएवढीच मोठी आहे का, आणि दुसऱ्या दिवशी मोठी माफी छापून आली. मला वाटतं प्रत्येक न्यूजरूममधे हाच प्रश्न रोज विचारला गेला पाहिजे. चूक पहिल्या पानावर आठ कॉलम आणि खुलासा आतल्या पानावर तीन ओळी, विश्वास जातो तो इथे जातो. बाकी चूक झाली म्हणून वाचक पेपर सोडत नाहीत.

शेवटी तक्रारीबद्दल, कारण लोक चिडतात पण तक्रार करत नाहीत. बातमी चुकीची वाटली तर आधी संपादकाला लिहा. तारीख, आवृत्ती, पान क्रमांक, मथळा, आणि कुठलं वाक्य चूक आहे आणि कशावरून, एवढंच, सगळी भडास नको. उत्तर आलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, मात्र कौन्सिल समज देऊ शकते, शिक्षा करू शकत नाही. जाहिरातीची तक्रार अॅस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि फ्लॅटच्या जाहिरातीत नंबर किंवा क्यूआर नसेल तर महारेराकडे. जाहिरातीचं कात्रण तारखेसकट जपून ठेवा, फ्लॅट घेतलात तर ताबा मिळेपर्यंत टाकू नका, कारण जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते आणि तेव्हा हेच कात्रण पुरावा म्हणून लागतं.